बालकांमधील धनुष्याकृती पाय : कारणे, निदान आणि उपचार
(सिंधुदुर्गाच्या किनारपट्टीच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना

नुकत्याच चालू लागलेल्या बालकाचे पाय गुडघ्यांपाशी बाहेरच्या बाजूस झुकलेले दिसू लागले की घरात काळजीचे वातावरण निर्माण होते. दोन्ही घोटे जुळवून उभे केले तरी गुडघ्यांमध्ये अंतर राहते आणि पायांचा आकार धनुष्यासारखा दिसतो. मराठीत अशा पायांना ‘फेंगडे पाय’ म्हणतात. वैद्यकशास्त्रात या स्थितीस ‘जेनू वॅरम’ ही संज्ञा आहे. याउलट गुडघे एकमेकांना लागतात आणि घोटे दूर राहतात, त्या स्थितीस ‘जेनू व्हॅल्गम’ म्हणतात.

अस्थिशल्यशास्त्राला ‘ऑर्थोपेडिक्स’ हे नाव निकोलस आंद्री या फ्रेंच वैद्याने १७४१ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथामुळे मिळाले. ग्रीक भाषेतील ‘सरळ’ आणि ‘मूल’ या अर्थांच्या दोन शब्दांपासून त्याने ते बनविले. म्हणजे या शास्त्राच्या नावातच बालकाचे शरीर सरळ राखण्याचा विचार आहे. तथापि प्रत्येक वाकडा पाय सरळ करण्याची आवश्यकता असते काय, हा मूलभूत प्रश्न आहे. बहुसंख्य बालकांत पायांचा बाक हा वाढीचा एक नैसर्गिक टप्पा असतो. थोड्या बालकांत मात्र तो एखाद्या आजाराची खूण असते. या दोहोंतील फरक ओळखता न आल्यास दोन प्रकारचे नुकसान होते. निरोगी बालकावर अनावश्यक उपचार होतात, आणि आजारी बालकाच्या उपचाराची योग्य वेळ निघून जाते. प्रस्तुत लेखात हा फरक कसा ओळखावा, बाकाची कारणे कोणती व त्यावर उपचार कोणते, याचा विचार शिरोडा व परिसरातील किनारी जीवनाच्या संदर्भात केला आहे.

पायांच्या वाढीचा स्वाभाविक क्रम

गर्भाशयातील मर्यादित जागेत बालक पाय दुमडून असते. त्यामुळे जन्मतः गुडघ्यांपाशी सुमारे १० ते १५ अंशांचा बाहेरचा बाक असतो. बालक उभे राहून चालू लागते तेव्हा हा बाक अधिक ठळक दिसतो. दीड ते दोन वर्षांच्या सुमारास पाय सरळ होतात. त्यानंतर ते उलट दिशेने, म्हणजे आतल्या बाजूस वळू लागतात आणि तीन ते चार वर्षांच्या वयात गुडघे एकमेकांना लागताना दिसतात. सहा-सात वर्षांपर्यंत हे वळणही कमी होऊन पायांना प्रौढ माणसाप्रमाणे ५ ते ७ अंशांचे किंचित आतले वळण प्राप्त होते.

हा क्रम फिनलंडमधील सालेनियस व वांका या संशोधकांनी बाराशेहून अधिक निरोगी मुलांच्या तपासणीवरून १९७५ साली मांडला. निरनिराळ्या देशांतील मुलांत हे टप्पे काही महिने मागेपुढे होतात. परंतु बाहेरचा बाक, सरळ पाय, आतले वळण आणि स्थिर अवस्था हा क्रम सर्वत्र सारखाच आढळतो. म्हणून पायाचा आकार पाहताना बालकाचे वय विचारणे ही पहिली पायरी होय. सव्वा वर्षाच्या बालकात जो बाक स्वाभाविक ठरतो, तोच चार वर्षांच्या मुलात विकृती ठरतो. चार वर्षांच्या वयात पाय बाहेर झुकलेले असणे हे नैसर्गिक क्रमाच्या अगदी विरुद्ध आहे.

कारणमीमांसा

१) मुडदूस : पोषणजन्य कारणांपैकी मुडदूस हे सर्वांत महत्त्वाचे कारण आहे. हाडाच्या टोकाजवळ कूर्चेची एक पातळ वाढपट्टी असते. तेथे कूर्चापेशी वाढतात आणि त्यांच्या जागी कॅल्शियम व फॉस्फरस साठून कठीण हाड तयार होते. या खनिजांचा पुरवठा कमी पडला तर वाढपट्टी रुंद व मऊ राहते. अशा मऊ हाडांवर शरीराचा भार पडला की ती वाकतात. मनगटे व घोटे जाड होणे, बरगड्यांच्या टोकांवर मण्यांसारखे उंचवटे येणे, टाळू उशिरा भरणे, दात उशिरा येणे व चालण्यास विलंब होणे ही मुडदुसाची इतर लक्षणे होत. लहानपणीच्या मुडदुसाने मुलीच्या कटीराचा आकार बिघडला तर पुढे प्रसूतीतही अडथळा येऊ शकतो. त्यामुळे हा प्रश्न केवळ दिसण्याचा नाही.

आतड्यातून कॅल्शियम शोषले जाण्यासाठी ‘ड’ जीवनसत्त्व लागते. सूर्यप्रकाशातील अतिनील किरणांमुळे ते त्वचेत तयार होते. या संबंधाच्या शोधात महाराष्ट्राचा वाटा आहे, ही बाब फारशी परिचित नाही. नाशिक शहरातील मुडदुसाच्या कारणांचा अभ्यास हचिसन व पटेल यांनी १९२१ साली प्रसिद्ध केला आणि त्या पाठोपाठ १९२२ साली हचिसन व शहा यांचा लेख आला. पडदा पाळणाऱ्या सुखवस्तू घरांतील बालकांना खाण्यापिण्याची ददात नव्हती, तरी त्यांच्यात मुडदूस आढळत होता. याउलट निकृष्ट आहारावर परंतु उघड्यावर वाढणारी कष्टकऱ्यांची मुले या आजारापासून बहुतांशी मुक्त होती. अंधाऱ्या घरात कोंडलेले बालपण हे मुडदुसाचे कारण असल्याचे या निरीक्षणावरून सूचित झाले. त्याच सुमारास, १९१९ साली, बर्लिनमध्ये हुल्डशिन्स्की याने अतिनील किरणांनी मुडदूस बरा करून दाखविला होता. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये मेलनबी याने कुत्र्याच्या पिलांवरील प्रयोगांतून आहारातील स्निग्ध घटकाचे महत्त्व दाखविले आणि १९२२ साली मॅकॉलम याने त्या घटकास ‘ड’ जीवनसत्त्व हे नाव दिले.

नाशिकच्या अभ्यासानंतर सुमारे नऊ दशकांनी, २०१० साली, पुण्यातील झोपडपट्टीत राहणाऱ्या बालकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. पाळणाघरात जाऊन उन्हात खेळणारी बालके आणि दिवसभर घरातच राहणारी बालके यांची तुलना त्यात करण्यात आली. घरात राहणाऱ्या बालकांत ‘ड’ जीवनसत्त्वाची कमतरता कितीतरी अधिक आढळली. पूर्वी पडद्याने जे केले, ते आता दाटीवाटीची वस्ती, एका खोलीचे घर आणि आईवडील दोघेही कामावर असणे यांमुळे घडते.

परंतु केवळ ऊन असून भागत नाही. नायजेरियात मुबलक सूर्यप्रकाश असूनही मुलांत मुडदूस आढळतो. थॅचर व सहकाऱ्यांनी १९९९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, त्या मुलांच्या आहारात कॅल्शियम अत्यल्प असल्याचे आणि केवळ ‘ड’ जीवनसत्त्व देण्यापेक्षा कॅल्शियम दिल्याने अधिक गुण येत असल्याचे दिसून आले. सारांश, मुडदूस हा सूर्यप्रकाश व कॅल्शियम या दोन्हींच्या हिशेबाचा आजार आहे.

२) फॉस्फेटचा आनुवंशिक ऱ्हास : काही बालकांत मूत्रपिंडातून फॉस्फेट वाया जाते व नेहमीच्या औषधांनी मुडदूस बरा होत नाही. या आजाराचा सर्वाधिक आढळणारा प्रकार एक्स गुणसूत्राशी निगडित असून साधारणतः २०,००० जन्मांमागे एका बालकात तो आढळतो. पित्याला हा आजार असल्यास त्याच्या सर्व मुलींत तो येतो, मुलग्यांत येत नाही. म्हणून आईवडिलांची उंची व त्यांच्या पायांचा आकार पाहणे निदानात उपयुक्त ठरते. मूत्रपिंडाच्या इतर विकारांतही हाडे याच रीतीने मऊ होतात.

३) ब्लाउंट विकार : नडगीच्या हाडाच्या वरच्या टोकाशी असलेल्या वाढपट्टीचा आतला भाग नीट वाढत नाही, बाहेरचा भाग मात्र वाढत राहतो. परिणामी पाय गुडघ्याखाली एकदम वळतो. एर्लाखर याने १९२२ साली व ब्लाउंट याने १९३७ साली या विकाराचे वर्णन केले. वजनाने जड व लवकर चालू लागलेल्या बालकांत तो अधिक आढळतो. त्याचा दुसरा प्रकार दहा वर्षांनंतर सुरू होतो व लठ्ठपणाशी निगडित असतो. हा विकार आपोआप बरा होण्याची शक्यता फार कमी असते.

४) फ्लोराइडचे आधिक्य : पिण्याच्या पाण्यात फ्लोराइडचे प्रमाण लिटरला १.५ मिलिग्रॅमपेक्षा अधिक असल्यास दात व हाडे यांवर दुष्परिणाम होतात. महाराष्ट्रात चंद्रपूर, यवतमाळ व नांदेड या जिल्ह्यांतील काही गावांत हा प्रश्न आहे. अशा पाण्यासोबत आहारात कॅल्शियमही कमी असले तर वाढत्या मुलांचे पाय वाकतात. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेतील कृष्णमाचारी व कृष्णस्वामी यांनी १९७३ साली फ्लोरोसिसग्रस्त भागातील मुलांच्या गुडघ्यांच्या विकृतीचे वर्णन केले, त्यात पाय आतल्या बाजूस वळलेले होते. अशा भागांतून किनारपट्टीवर स्थलांतरित झालेल्या कुटुंबातील मुलांच्या बाबतीत हे कारण ध्यानात ठेवावे लागते.

५) इतर कारणे : जन्मजात अस्थिविकार, वाढपट्टीस झालेली इजा किंवा हाडातील जंतुसंसर्ग यांमुळेही बाक येतो. इजा व संसर्ग यांत तो बहुधा एकाच पायात असतो.

किनारपट्टीचा संदर्भ

वेंगुर्ले तालुक्यातील शिरोडा हे गाव मिठागरांसाठी व १९३० च्या मीठ सत्याग्रहासाठी प्रसिद्ध आहे. ज्या उन्हावर येथील मीठ पिकते, त्याच उन्हाने बालकाच्या त्वचेत ‘ड’ जीवनसत्त्व तयार होते. अशा प्रदेशात मुडदूस नसावा, असा समज होणे साहजिक आहे. तो पूर्णतः खरा नाही. जून ते सप्टेंबर या काळात पावसामुळे तान्ही बालके घरातच राहतात. आईच्या दुधात ‘ड’ जीवनसत्त्व अत्यल्प असते. केवळ अंगावर पिणाऱ्या व पावसाळाभर घराबाहेर न पडलेल्या बालकाकडे त्याचा साठा अपुरा राहू शकतो.

बालकाला सकाळच्या कोवळ्या उन्हात ठेवण्याची रीत कोकणात घरोघरी आहे. ती हितकर असली तरी कोवळ्या उन्हात आवश्यक अतिनील किरण फार थोडे असतात. आपली सावली आपल्या उंचीपेक्षा लहान पडते, त्या वेळेच्या उन्हात ते पुरेसे असतात. अशा वेळी बालकाचे डोके झाकून, हातपाय उघडे ठेवून थोडा वेळ उन्हात नेणे अधिक उपयुक्त ठरते. मात्र उन्हाळ्यात उष्णतेचा त्रास होणार नाही याची काळजी घ्यावी लागते.

आहाराच्या बाबतीत किनारपट्टीचे पारंपरिक ताट उजवे आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीनुसार एक ते तीन वर्षांच्या बालकास रोज ५०० मिलिग्रॅम कॅल्शियम लागते. नाचणीच्या १०० ग्रॅममध्ये सुमारे ३५० मिलिग्रॅम आणि कुळथाच्या १०० ग्रॅममध्ये सुमारे २७० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. तारल्यांसारख्या तेलकट माशांतून ‘ड’ जीवनसत्त्व मिळते आणि काट्यांसकट खाल्ल्या जाणाऱ्या बारीक माशांतून कॅल्शियम मिळते. परंतु तान्ह्या बालकास काट्याचे मासे देता येत नाहीत आणि दोन वर्षांच्या बालकाच्या वाटीत अनेकदा भाताची पेज, बिस्किटे व चहा एवढेच पडते. घरात नाचणी व मासे असूनही ते बालकापर्यंत पोहोचत नाहीत, ही खरी अडचण आहे. नाचणीचे सत्त्व, कुळथाची पातळ पिठी आणि काटे काढून कुस्करलेला मासा यांनी ती बरीच दूर होऊ शकते.

रूढ समजुतींचा परामर्श

मूल कडेवर घेतल्याने, जाड लंगोट बांधल्याने किंवा लवकर उभे केल्याने पाय फेंगडे होतात, अशी समजूत आहे. निरोगी हाडे या कारणांनी वाकत नाहीत. तेल लावून हळुवार मालीश करण्याने बालकास सुख वाटते व त्यात काही अपाय नाही. मात्र पाय सरळ व्हावेत म्हणून ते ओढणे, दाबणे वा कापडाने घट्ट बांधणे निरर्थक आहे. मुडदुसाने मऊ झालेले हाड अशा ओढाताणीत मोडू शकते. बाक नैसर्गिक असल्यास विशिष्ट बूट वा पट्टे यांचाही उपयोग नाही. दोन वर्षांच्या सुमारास पाय आपोआप सरळ होतात आणि श्रेय मात्र मालिशीला किंवा बुटांना मिळते. त्यामुळे या समजुती टिकून राहतात.

निदान

बालकास पाठीवर झोपवून, गुडघ्याच्या वाट्या समोर ठेवून व घोटे जुळवून दोन गुडघ्यांमधील अंतर मोजपट्टीने मोजता येते. हेच मोजमाप दर चार-सहा महिन्यांनी नोंदविल्यास बाक कमी होत आहे की वाढत आहे, हे स्पष्ट होते. पुढीलपैकी एकही बाब आढळल्यास तज्ज्ञाकडे पाठविणे इष्ट ठरते : दोन वर्षांनंतर बाक वाढत जाणे, गुडघ्यांमधील अंतर ६ सेंटिमीटरपेक्षा अधिक असणे, बाक एकाच पायात किंवा दोन पायांत असमान असणे, वयाच्या मानाने उंची फार कमी असणे, चालताना गुडघा बाहेर फेकला जाणे, लंगडणे किंवा वेदना होणे, कुटुंबात अशी विकृती असणे.

मुडदुसाच्या निदानासाठी रक्तातील कॅल्शियम, फॉस्फेट, अल्कलाइन फॉस्फटेज व ‘ड’ जीवनसत्त्व यांची तपासणी करतात. मनगट व गुडघा यांच्या क्ष-किरण चित्रात हाडाचे टोक पेल्यासारखे खोलगट व झालरीसारखे विसकटलेले दिसते. ब्लाउंट विकाराचा संशय असल्यास नडगीच्या वरच्या भागाचा विशिष्ट कोन मोजतात. लिव्हाइन व ड्रेनन यांनी १९८२ साली सुचविलेल्या या मोजमापात ११ अंशांपेक्षा अधिक कोन असल्यास बालकावर बारकाईने लक्ष ठेवतात.

उपचार

नैसर्गिक बाकास निरीक्षणाखेरीज उपचार नाही. पालकांना वाढीचा क्रम समजावून सांगणे आणि ठरावीक अंतराने मोजमाप घेणे एवढेच त्यात करावयाचे असते.

पोषणजन्य मुडदुसावर औषधोपचार प्रभावी ठरतो. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या जागतिक सहमतीनुसार एक वर्षाखालील बालकास ‘ड’ जीवनसत्त्वाची रोज २,००० एकके आणि त्याबरोबर ५०० मिलिग्रॅम कॅल्शियम, असे किमान तीन महिने द्यावयाचे असते; मोठ्या मुलांत ‘ड’ जीवनसत्त्वाची मात्रा वाढते. प्रतिबंधासाठी पहिल्या वर्षात रोज ४०० एकके पुरतात. ही औषधे वैद्यकीय सल्ल्यानेच घ्यावीत. तपासणीशिवाय मोठ्या मात्रेची इंजेक्शने वारंवार दिल्यास रक्तातील कॅल्शियम वाढून मूत्रपिंडास इजा होऊ शकते. औषधांनी हाडे कठीण झाली की लहान बालकांतील बाक पुढील एक-दोन वर्षांत बराचसा स्वतःहून सुधारतो. म्हणून मुडदूस बरा होण्यापूर्वी शस्त्रक्रिया करीत नाहीत. मऊ हाड सरळ केले तरी पुन्हा वाकते.

आनुवंशिक प्रकारात फॉस्फेट व ‘ड’ जीवनसत्त्वाचे सक्रिय रूप दीर्घकाळ द्यावे लागते. बुरोसुमॅब हे नवे औषध अमेरिका व युरोपात २०१८ साली मान्य झाले असून ते अतिशय महाग आहे.

ब्लाउंट विकारात तीन वर्षांखाली पट्ट्यांचा प्रयोग केला जातो. त्याने गुण न आल्यास नडगीचे हाड कापून सरळ जोडण्याची शस्त्रक्रिया चार वर्षांच्या आत करणे हितावह असते. त्यानंतर विकृती पुन्हा उद्भवण्याची शक्यता वाढते.

मोठ्या मुलांत शिल्लक राहिलेल्या बाकासाठी वाढीला वळण देण्याची पद्धत वापरतात. गुडघ्याजवळील वाढपट्टीच्या बाहेरच्या बाजूस दोन स्क्रूंनी एक छोटी पट्टी बसविली की त्या बाजूची वाढ रोखली जाते; आतली बाजू वाढत राहते आणि पाय हळूहळू सरळ होतो. मग पट्टी काढून घेतात. ब्लाउंट याने १९४९ साली धातूच्या चापांनी हे तत्त्व वापरले होते. स्टीव्हन्स याने २००७ साली प्रसिद्ध केलेल्या पट्टीमुळे ते अधिक सुलभ झाले. या पद्धतीसाठी वाढ शिल्लक असणे ही अट आहे. गुडघ्याजवळची वाढ मुलींत साधारणतः चौदाव्या व मुलांत सोळाव्या वर्षी थांबते. त्यानंतर हाड कापून जोडणे किंवा इलिझारोव्ह चौकटीच्या साहाय्याने ते क्रमशः सरळ करणे हेच मार्ग उरतात. दोन्ही अधिक खर्चाचे व अधिक कष्टाचे आहेत.

आरोग्यव्यवस्था आणि शिक्षणसंस्था

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ फेब्रुवारी २०१३ मध्ये महाराष्ट्रातील पालघर येथे झाला. जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांच्या तपासणीच्या या कार्यक्रमात मुडदुसाचा समावेश आहे. फिरत्या पथकांनी अंगणवाडीतील बालके वर्षातून दोनदा व शाळेतील मुले एकदा तपासावीत, अशी योजना आहे. शिरोडा परिसरातील पालकांना शिरोड्याचे उपजिल्हा रुग्णालय, ओरोस येथील जिल्हा रुग्णालय आणि गोव्यातील बांबोळी येथील वैद्यकीय महाविद्यालय अशा चढत्या क्रमाने उपचार मिळू शकतात. परंतु या साखळीचे पहिले टोक अंगणवाडीत व घरात आहे. मोजपट्टीने घेतलेली एक नोंद योग्य वेळी झाली नाही, तर पुढच्या सर्व सोयी उशिरा उपयोगी पडतात.

या संदर्भात महाविद्यालयांना सहज करता येण्याजोगे कार्य आहे. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरांत अंगणवाडी सेविकांच्या सहकार्याने बालकांची उंची व गुडघ्यांमधील अंतर नोंदविणे, गृहविज्ञानाच्या विद्यार्थ्यांनी स्थानिक पदार्थांतील कॅल्शियमचा हिशेब पालकांपुढे मांडणे आणि नोंदी आरोग्य पथकाकडे सोपविणे, यांसाठी मोठा खर्च लागत नाही. मात्र निदान व उपचार हे वैद्यकीय अधिकाऱ्यांचे क्षेत्र आहे, ही मर्यादा पाळली पाहिजे.

निष्कर्ष

१) दोन वर्षांखालील बालकाच्या दोन्ही पायांत सारखा असलेला व कमी होत जाणारा बाक बहुधा नैसर्गिक असतो. त्यास केवळ निरीक्षण पुरते.

२) दोन वर्षांनंतर वाढणारा, एकाच बाजूचा किंवा खुज्या उंचीसह असलेला बाक आजाराची खूण मानून तपासणी करणे आवश्यक आहे.

३) नाशिक, पुणे व नायजेरिया येथील अभ्यास एकत्र पाहता, सूर्यप्रकाश व कॅल्शियम यांपैकी एकाची विपुलता दुसऱ्याची उणीव भरून काढीत नाही, हे स्पष्ट होते. ऊन व मासे मुबलक असलेल्या किनारपट्टीलाही हा नियम लागू आहे.

४) उपचाराचे यश वयावर अवलंबून असते. एक वर्षाच्या वयात थेंबांच्या औषधाने व चार वर्षांपूर्वी लहान शस्त्रक्रियेने जे साधते, त्यासाठी सोळाव्या वर्षानंतर हाड कापावे लागते. म्हणून बालकाच्या पायांकडे पाहणाऱ्या प्रत्येकाने प्रथम त्याचे वय विचारावे आणि मग मोजपट्टी हाती घ्यावी.